पाकिटातलं मत

अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या त्या घरात मला भाड्याने खोली मिळाली, ती माझी नोकरी चांगली होती म्हणून नाही, आणि स्वभाव चांगला होता म्हणून तर नाहीच नाही. त्या घरात दोनच मतं होती, एवढंच कारण. एक काकांचं आणि एक काकूंचं. पिठलं करायचं की आमटी, एसी कितीवर ठेवायचा, सोफा कोणत्या भिंतीला लावायचा, काहीही विषय निघाला की काका मतदान घ्यायचे आणि एकास एक अशी बरोबरी व्हायची. मुलगी नेहा लग्न होऊन दुसरीकडे राहायला गेल्यापासून त्या घरात निकाल असा लागलाच नव्हता.

"तू नागपूरची ना?" पहिल्याच भेटीत काकांनी विचारलं. "मी सांगलीचा, ही डोंबिवलीची. म्हणजे तू तटस्थ. उत्तम! खोली तुझी."

"काका, लीज वगैरे साइन करायचं असेल ना?"

"ते काकू बघेल. तू फक्त जेवायला हजर राहायचंस. तू नसलीस तर परत बरोबरी."

तर अशी मी त्या घरातलं तिसरं मत म्हणून राहायला गेले. या लोकशाहीत फारसा दम नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आमटीला दोन मतं पडली तरी काकू शांतपणे पिठलं वाढायच्या. "राष्ट्रपती राजवट," काका माझ्याकडे झुकून पुटपुटायचे आणि मुकाट्याने जेवायचे. पुढच्या दिवशी पुन्हा चिठ्ठ्या.

काका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीतून रिटायर झालेले. उंच, सडपातळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. कोणीही भेटलं की ते उजव्या हाताने शेकहँड करायचे आणि बघायचे मात्र समोरच्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीकडे. भारतात निवडणुका झाल्या की तिकडून परत येणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडे चहाचं आमंत्रण असायचं. येणाऱ्याला वाटायचं, केवढं अगत्य! चहा काकू द्यायच्या. काका त्या माणसाचं बोट हातात धरून खिडकीपाशी न्यायचे आणि नखावरची शाई उजेडात न्याहाळायचे. "नखाच्या मुळापर्यंत लावली आहे. केंद्राध्यक्ष नीट होता," असा अभिप्राय मिळाला की पाहुण्याची सुटका. मी आता जर्सी सिटीत राहते, पण भारतातून कोणी मत देऊन आलं की अजूनही माझी नजर आधी बोटावर जाते. ही खोड त्यांचीच.

या सगळ्याचं मूळ काय, ते काकूंनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलं. काकांनी आयुष्यात एकदाच मत दिलं होतं, आणि ते मोजलंच गेलं नव्हतं.

सांगलीजवळच्या त्यांच्या गावात, मराठी शाळेच्या वर्गात मतदान होतं. काका नुकतेच मतदार झालेले. इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभे राहिले. टेबलाशी पोचले तर अधिकारी यादी बघून म्हणाला, "तुमचं मत होऊन गेलंय." कोणीतरी सकाळीच त्यांच्या नावावर मत देऊन गेलं होतं. काकांनी वाद घातला, ओळख पटवली. तेव्हा कायद्यातली एक सोय त्यांच्या वाट्याला आली. अशा माणसाला वेगळी मतपत्रिका देतात, पण ती पेटीत टाकू देत नाहीत. ती एका पाकिटात ठेवून पाकीट बंद करतात, आणि कोर्टाने मागितलं तरच ते उघडतात. कोर्टाने कशाला मागावं? काका लवकरच अमेरिकेला शिकायला आले आणि मत तिकडे पाकिटात राहिलं.

"बोटाला शाई लागली गं," काका मला म्हणाले, "पण मत लागलं नाही."

"मग इथली सिटिझनशिप घ्यायची ना काका! इथे द्यायचं."

"तिकडचं मत पेंडिंग आहे. त्याचा निकाल लागल्याशिवाय इकडे दुसरं कसं देणार? एका माणसाला एकच मत असतं."

कप्पाळ! काकू मात्र कधीच्या सिटिझन होत्या. दर निवडणुकीला पोस्टाने आलेली मतपत्रिका कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यावर भरायच्या आणि पोस्टात टाकून यायच्या. त्या वेळी काका घराबाहेर चक्कर मारायला जायचे. त्यांना ते बघवत नसे. नेहा म्हणायची, "डॅड हॅज बीन स्टँडिंग इन दॅट लाइन माय होल लाइफ." मी पोट धरून हसायचे. तेव्हा हसूच यायचं.

स्वतःचं मत असं अडकून पडल्यामुळे काकांनी सगळा जीव आमच्या मराठी मंडळात ओतला होता. मंडळाची घटना त्यांनीच लिहिलेली. सभासदांनी कार्यकारिणी निवडायची, कार्यकारिणीने आपल्यातून अध्यक्ष निवडायचा. "हे एक छोटं संसदीय प्रजासत्ताक आहे," ते प्रत्येक नव्या सभासदाला सांगायचे. नवा सभासद बिचारा गणपतीच्या जेवणाचं कूपन मागायला आलेला असायचा. निवडणूक अधिकारी कायम काकाच, आणि निवडणूक अधिकाऱ्याने मत द्यायचं नाही हे कलमही त्यांनीच घातलेलं. म्हणजे इथेही शून्य.

अडचण अशी की या प्रजासत्ताकात कोणालाच सत्ता नको होती. अध्यक्ष म्हणजे हॉल बुक करणारा, खुर्च्या मांडणारा आणि श्रीखंड कमी पडलं की बोलणी खाणारा माणूस. शिल्पाताई हे सगळं वर्षानुवर्षं हौसेने नाही, सवयीने करत होत्या. त्यांच्याविरुद्ध कोणी उभंच राहायचं नाही. काकांच्या घरात 'बिनविरोध' हा शब्द शिवीसारखा वापरत. म्हणून दर वर्षी काका स्वतः गाडी काढून विरोधी पक्ष शोधायला निघायचे. त्या वर्षी सापडला मंदार. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"काका, मला नकोय यार पोस्ट. शिल्पाताई मस्त करतायत सगळं."

"तुला पोस्ट कोण देतंय? तू फक्त हरायचंस."

"शुअर ना? पक्का हरणार?"

"निवडणूक अधिकारी असं सांगू शकत नाही," काका गंभीरपणे म्हणाले. "पण तू पॅनेल उभं कर."

निवडणूक दिवाळीला लागून होती, आणि काकांनी आचारसंहिता जाहीर केली. उमेदवाराने मतदाराला खायला घालायचं नाही! ऐन दिवाळीत! शिल्पाताईंची चकली चँडलरमध्ये प्रसिद्ध. त्या दर वर्षी घरोघरी डबे पाठवायच्या. काका आपली जुनी व्हॅन घेऊन गस्त घालू लागले. मंदारच्याच दारात त्यांनी शिल्पाताईंचा डबा पकडला. सत्ताधारी उमेदवाराने विरोधी उमेदवाराला दिलेली चकली हे लाच की सौजन्य, यावर त्यांना निर्णय होईना. डबा पुरावा म्हणून आमच्या गराजमधल्या फ्रीजमध्ये ठेवला गेला. काकूंनी दोनतीन दिवस वाट पाहिली आणि तो पुरावा चहाबरोबर वाढला.

आता बिब्ब्याचं सांगते. मतदानाला शाई हवीच, हा काकांचा हट्ट. अमेरिकेतले सगळे मार्कर त्यांनी आपल्या बोटावर लावून पाहिले. सगळे सॅनिटायझरने जातात. मग त्यांनी सांगलीहून येणाऱ्या एकाकडून बिब्बे मागवले. पूर्वी धोबी कपड्यावर खूण करायला बिब्ब्याचं तेल वापरत. कपडा फाटेल, पण खूण जाणार नाही. काकांनी त्यात चुना कालवून काळीकुट्ट शाई तयार केली आणि आधी स्वतःच्या बोटाला लावली. काही झालं नाही. काकांच्या कातडीला कधीच काही होत नसे.

"अहो, बिब्बा उततो," काकू म्हणाल्या. "लोकांची मतं घ्या, बोटं घेऊ नका."

यावर मतदान झालं. काका बाजूने, काकू विरुद्ध. मी तेव्हा ऑफिसच्या कॉलवर होते, म्हणून नुसती मान हलवली. काकांनी ती आपल्या बाजूने धरली.

मतदान पार्कमधल्या शेडखाली झालं. गुप्ततेसाठी बाथरूममधला शॉवरचा पडदा लावला होता, त्यावर पिवळी बदकं. शिल्पाताईंच्या पॅनेलचं चिन्ह कपबशी, मंदारच्या पॅनेलचं शिट्टी. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. सगळ्यांनी हौसेने बोटं काळी करून घेतली, फोटो काढले, भारतात नातेवाइकांना पाठवले. काका शेडच्या टोकाला उभे होते आणि मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी निकाल लागला. मंदारचं पॅनेल जिंकलं. नव्या कार्यकारिणीने लगेच त्याला अध्यक्ष निवडलं. मंदार पांढराफटक पडला. शिल्पाताईंनी स्वतःचं मतसुद्धा शिट्टीला दिलं होतं, हे त्या दुसऱ्याच दिवशी आनंदाने सगळ्यांना सांगत सुटल्या.

आणि मग बिब्बा उतला.

नेहा एका अर्जंट केअर दवाखान्यात नर्स होती. तिचा फोन आला तो काकूंनी स्पीकरवर टाकला. "आई, व्हॉट डिड डॅड डू? इकडे वेटिंग रूममध्ये सगळे मराठी काका-काकू बसलेत! एव्हरीबडीज लेफ्ट फिंगर इज लाइक अ बलून! डॉक्टर विचारतोय, इज दिस अ कल्ट?"

"कल्ट नव्हे म्हणावं," काका लांबून म्हणाले. "इलेक्टोरेट."

डॉक्टरला ते एखाद्या विषारी वेलीचं काम वाटलं. पण इथे वाळवंटात वेल कुठून येणार? आणि ती नेमकी एकाच बोटाला कशी चावणार? ऑफिसातली बोटांच्या ठशांवर उघडणारी दारं आमच्यासाठी उघडेनात. मंदारने अध्यक्ष म्हणून पाठवलेल्या पहिल्या ई-मेलमध्ये अर्धी अक्षरं गायब होती, कारण ते बोट कीबोर्डवर टेकवत नव्हतं. माझंही बोट टरारून फुगलं होतं. मी इतकी संतापले होते की दोन दिवस काकांशी बोलले नाही, आणि घरात पुन्हा बरोबरी होऊ लागली.

मंडळाची सभा भरली. सगळ्यांच्या बोटाला पट्ट्या. अध्यक्ष मंदारने पहिला आणि शेवटचा ठराव मांडला की यापुढे निवडणूक नको, आडनावाच्या बाराखडीने एकेकाने वर्षभर अध्यक्ष व्हावं. "काका, चांगल्या कामात बिब्बा घालतात असं ऐकलं होतं," शिल्पाताई म्हणाल्या. "लावतात हे पहिल्यांदाच पाहिलं." सगळे हसले. काकाही हसले. ठरावावर मत घेतलं तेव्हा हात वर झाले आणि कितीतरी पट्ट्या हवेत दिसल्या. काकांचा हात वर नव्हता. निवडणूक अधिकाऱ्याला मत नसतं.

घरी येऊन त्यांनी बदकांचा पडदा घडी घालून कपाटात ठेवला. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या आल्या नाहीत. पिठलं की आमटी असं काकूंनी मुद्दाम विचारलं तरी, "काहीही कर," एवढंच. ते ऐकून काकू घाबरल्या. इतके दिवस ज्याची मी टिंगल केली, ते त्या माणसाचं जगण्याचं इंधन होतं, हे मला तेव्हा समजलं आणि फार वाईट वाटलं.

एका दुपारी काकू त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. "आता इकडचं मत द्या."

"तिकडचं पेंडिंग..."

"अहो, त्या पाकिटाची कधीच रद्दी झाली. ज्याला मत दिलंत तोही गेला. सिटिझनशिप घ्या, नाहीतर मतावाचूनच जाल तुम्ही."

मग मीच चिठ्ठ्या फाडल्या. विषय एकच, काकांनी सिटिझनशिप घ्यावी की नाही. एक मत विरुद्ध पडलं, दोन बाजूने. ते विरुद्धचं कोणाचं हे सांगायला नको. काकांनी चिठ्ठ्या पुन्हा एकदा मोजल्या, घडी केल्या आणि म्हणाले, "निकाल मान्य आहे." ते आमटी-पिठल्याबद्दल कितीही कुरकुरले असतील, पण हरल्यावर निकाल नाकारणारे नव्हते.

मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही याआधी अमेरिकेत कधी मत दिलंय का? काकांनी उलट विचारलं, मंडळाचं धरायचं का? अधिकाऱ्याने मंडळ म्हणजे काय हे विचारायची चूक केली. काकांनी संसदीय पद्धतीपासून बिब्ब्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि शेवटी, "मतं मी घेतली, दिलं कधीच नाही," असं सांगून विषय संपवला. ते पास झाले. नेहाने मोठा केक आणला. काका म्हणाले, मत दिल्यावर कापू.

मग निवडणूक आली, आणि पोस्टाने काकांच्या नावाची मतपत्रिका आली. सोबत परत पाठवायचं पाकीट. त्यावर सही करायची, आत मत घालायचं आणि बंद करायचं.

"पाकीट?" काका उभ्याने म्हणाले. "पुन्हा पाकीट?"

ते पाकीट त्यांनी टेबलावर उलटं ठेवलं. मी त्यांना गाडीने मतदान केंद्रावर घेऊन गेले, तिथे समक्ष मत देता येतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रांगेत ते टाचा जुळवून उभे राहिले. टेबलाशी पोचल्यावर त्यांनी डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि शाई कुठे आहे ते विचारलं. टेबलामागची म्हातारी बाई गोड हसली. शाई नसते, ती म्हणाली, शेवटी 'मी मत दिलं' असं छापलेलं हे स्टिकर मिळतं. काकांनी स्टिकर उलटंपालटं करून पाहिलं. "हे कोणीही कोणालाही चिकटवेल," ते मला म्हणाले आणि मत न देता बाहेर आले. परतीच्या वाटेवर मी इतकी चिडले होते की सिग्नल हिरवा झालेलाही मला दिसला नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्हाला मत द्यायचंय," त्या म्हणाल्या, "की बोट रंगवून घ्यायचंय?"

मग काका उठले आणि कपाटातून बदकांचा पडदा काढून आणला.

पडदा जेवणाच्या टेबलाभोवती लागला. काकू केंद्राध्यक्ष, मी पोलिंग एजंट. काका मतपत्रिका घेऊन आत गेले, आणि बाहेर येईचनात. मतपत्रिका हीऽऽ लांबलचक. आतून आवाज यायचे. "जज ठेवायचा की काढायचा तेपण आपणच सांगायचं?" "पाण्यावाले निवडायचे?" "अगं, कॉन्स्टेबल निवडून येतो इथे! मग तो पकडतो कोणाला, मतदारालाच?" प्रत्येक जजबद्दल वाचल्याशिवाय काका गोल भरेनात. काकू पडद्याखालून चहा सरकवत होत्या. जेवण आम्ही दोघींनी ओट्यापाशी उभ्याने केलं. दुसऱ्या दिवशी काका बाहेर आले, पाकिटावर सही केली आणि ते स्वतः पेटीत टाकून आले. येताना चेहरा पडलेला. "झालं बंद," एवढंच म्हणाले.

थोड्या दिवसांनी काउंटीच्या निवडणूक ऑफिसमधून फोन आला. काकांनी घेतला, ऐकलं, आणि फोन माझ्या हातात देऊन खाली बसले. "माझ्या नावावर कोणीतरी..."

मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई समजावत होती की पाकिटावरची सही आणि अर्जावरची सही जुळत नाही. अर्जावरची इंग्रजीत आहे, ही दुसऱ्याच कुठल्या लिपीत आहे. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी पाकिटावर मराठीत सही केली होती, गावच्या शाळेतल्या मतदानाला केली होती तशीच.

"दॅट इज मी!" काका उठून ओरडले. "मीच तो! नोबडी एल्स! मीच!"

बाईने जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला आणि ठीक आहे म्हणाली. काका तिला सोडेनात. सही जुळली नाही की तुम्ही प्रत्येकाला असा फोन करता? हो सर, ती म्हणाली, त्याशिवाय कसं कळणार तुम्हीच आहात की नाही ते?

"मला विचारलं," फोन ठेवल्यावर काका म्हणाले. "यादी बघून हाकललं नाही. मला विचारलं."

दोन दिवसांनी त्यांच्या फोनवर मेसेज आला. चष्मा लावूनही त्यांना तो वाचवेना, म्हणून मी वाचला. सही पटली, मतपत्रिका मोजणीला गेली.

"म्हणजे पाकीट उघडलं?"

"उघडलं, काका."

"नक्की?"

"उघडल्याशिवाय कसं मोजतील?"

काका रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मीही रडले. काकू मात्र उठून आत गेल्या आणि काजळाची डबी घेऊन आल्या. टेबलापलीकडे खुर्ची ओढून बसल्या.

"नाव?" त्यांनी कडक आवाजात विचारलं.

काकांनी डोळे पुसले आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"डावा हात."

काकांनी बोट पुढे केलं. काकूंनी नखाच्या मुळापर्यंत नीट काजळ लावलं. काकांनी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिलं आणि काकूंकडे बघून मान डोलावली.

"पुढचे!" काकू म्हणाल्या.

पुढे मीच होते. मी व्हिसावरची. मला इथे मत नव्हतं, आणि मत द्यायला नागपूरला जायला कधी सुट्टी मिळत नव्हती. इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नव्हतं, त्या क्षणी वाटलं. मी बोट पुढे केलं. काकूंनी हसून डबीत बोट बुडवलं.

तेवढ्यात काकांनी माझा हात मागे ओढला. डोळे अजून ओले होते, पण आवाज निवडणूक अधिकाऱ्याचा होता.

"हिचं नाव यादीत नाही."